पिकअपचं डिझेल कुठे अडतं? निदानाच्या प्रश्नाचा आढावा

जालना जिल्ह्यातला शेतमाल आज बव्हंशी पिकअपवर हलतो. अंबड आणि घनसावंगीच्या बागांतली मोसंबी जालन्याच्या बाजार समितीत येते ती पिकअपमधून. पावसाळ्याच्या तोंडावर भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीची पोती उतरतात तीही पिकअपमधूनच. बियाण्यांच्या पिशव्या, लोखंडी गजांच्या मोळ्या, सरकी, दूध, कांदा या सगळ्यांचं गणित याच गाडीवर बसलेलं असतं. त्यामुळे भरली गाडी रस्त्यात बंद पडली, तर नुकसान गाडीवाल्यापुरतं राहत नाही. मिरची उन्हात मऊ पडते, लिलाव हुकतो, भाडं बुडतं.

या गाड्यांच्या तक्रारींत एक तक्रार वारंवार येते: डिझेल नीट पोहोचत नाही. गाडी पिकअप धरत नाही, चढाला दम टाकते, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते किंवा चालता चालता बंद पडते. हीच तक्रार तीन ठिकाणी सांगितली, तर बहुधा तीन उत्तरं मिळतात. एक जण फिल्टर बदलायला सांगतो, दुसरा इंजेक्टर गेले म्हणतो, तिसरा डिझेललाच दोष देतो. फिल्टरचा खर्च काही शे रुपयांचा आणि चार नव्या इंजेक्टरचा पाच आकडी. निदान चुकलं की भुर्दंड मालकाला बसतो आणि दोष मात्र गाडीतच राहतो.

हे निदान नेमकं कसं करावं, याविषयी गॅरेजवाले, कंपन्यांचे तंत्रज्ञ आणि गाडीमालक यांच्यात एकमत नाही. हा वाद कुठून आला, त्यातल्या भूमिका काय आहेत आणि कोणते प्रश्न अजून उघडे आहेत, याचा हा आढावा.

१. पार्श्वभूमी: पाना आणि कानापासून कॉमन रेलपर्यंत

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते पेट घेतं. म्हणजे सगळा खेळ फवाऱ्याचा आहे. १९२७ मध्ये बॉश कंपनीने डिझेल पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. त्याच कंपनीची भारतातली शाखा ‘मायको’ या नावाने घराघरांत पोहोचली आणि तिच्या नाशिकच्या सातपूर कारखान्यातले नोजल महाराष्ट्रभरच्या ट्रक-ट्रॅक्टरांत बसले. त्या काळचा पंप पूर्णपणे मेकॅनिकल होता. किती डिझेल आणि कधी सोडायचं हे पंपातले भागच ठरवायचे. दोष शोधायला फिटरला पाना, कान आणि हाताचा अंदाज पुरायचा. २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, हाही सुरुवातीला असाच साधा होता: दोन सिलिंडर, ७०२ सीसी आणि मेकॅनिकल पंप.

जगात तोपर्यंत बदल होऊन गेला होता. १९९५ मध्ये जपानच्या डेन्सोने हिनोच्या ट्रकसाठी कॉमन रेल पद्धत बाजारात आणली. १९९७ मध्ये बॉशची कॉमन रेल अल्फा रोमिओच्या मोटारीत बसली. या पद्धतीत पंप फक्त दाब तयार करतो. ते डिझेल ‘रेल’ नावाच्या जाड नळीत साठतं आणि इंजेक्टर कधी व किती वेळ उघडायचा हे संगणक ठरवतो. आपल्याकडे पिकअपच्या वर्गात २०११ मध्ये आलेला अशोक लेलँडचा दोस्त कॉमन रेलवरच आला. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमधलं २५२३ सीसीचं इंजिनही पुढे कॉमन रेल झालं.

या बदलाला प्रदूषणाच्या नियमांनी वेग दिला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमागे ३५० मिलिग्रॅम होती. ती आधी ५० आणि मग १० वर आली. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला आणि गाडीने स्वतःच्या उत्सर्जनावर स्वतः नजर ठेवण्याचे नियम आणखी कडक झाले.

परिणाम असा झाला, की एकाच गॅरेजच्या दारात आज तीन पिढ्यांच्या गाड्या उभ्या असतात: मेकॅनिकल पंपाची जुनी, बीएस-४ ची कॉमन रेल आणि सेन्सरांनी भरलेली बीएस-६. तिघींची तक्रार एकच असली तरी तपासाची रीत एक नाही. वादाचं मूळ इथे आहे.

२. डिझेलचा रस्ता आणि त्याची लक्षणं

भूमिका समजण्याआधी डिझेलचा रस्ता पाहू. टाकीत उतरलेल्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. तिथून डिझेल लाइनने फिल्टरकडे जातं. काही मॉडेलांत टाकीत किंवा लाइनवर इलेक्ट्रिक पंप असतो, काहींत मोठा पंप स्वतःच डिझेल ओढतो. फिल्टरमध्ये कचरा अडतो आणि पाणी तळाशी बसतं. हा कमी दाबाचा भाग. पुढे हाय प्रेशर पंप, रेल आणि इंजेक्टर हा जास्त दाबाचा भाग. तिसरा रस्ता परतीचा: इंजेक्टर आणि पंपातून उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत येतं.

दोन्ही भागांच्या दाबांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कमी दाबाच्या बाजूला फार तर काही बार, तर रेलमध्ये गाडी सुरू होतानाच दोनशे-तीनशे बार लागतात आणि भर लोडवर हा आकडा सोळाशेच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. इंजेक्टरच्या सुईभोवतीची फट अवघ्या दोन-चार मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यामुळे डोळ्याला स्वच्छ दिसणारं डिझेलही इंजेक्टरच्या दृष्टीने घाण असू शकतं.

लक्षणांवरून रस्त्याचा कोणता भाग अडला याचा पहिला अंदाज येतो. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी त्रास देणारी गाडी बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा धरते. रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि नळी रिकामी होते. उलट सकाळी चटकन सुरू होणारी आणि दुपारी गरम झाल्यावर हटून बसणारी गाडी झिजलेल्या पंपाकडे किंवा इंजेक्टरकडे बोट दाखवते. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून आतल्या आत गळतं आणि सुरू होण्यापुरता दाब बनत नाही. पंपावर गार पाणी ओतलं की गाडी सुरू होते, हा मे महिन्यातला अनेक चालकांचा अनुभव यामुळेच खरा असतो. मात्र क्रँक सेन्सर गरम होऊन बिघडला तरी लक्षण हेच दिसतं. म्हणून लक्षण म्हणजे निदान नव्हे.

इंधनाचा संबंध नसतानाही दोष इंधनावर जातो, हेही लक्षात ठेवायला हवं. धुळीने गच्च भरलेला एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा सायलेन्सरच्या बाजूचा अडथळा यांनीही गाडीची ताकद जाते. बॅटरी कमजोर असेल तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही आणि रेलमध्ये दाब बनत नाही.

३. पहिली भूमिका: अनुभवाची वाट

जिल्ह्यातल्या बहुसंख्य गाड्या आजही गावच्या किंवा नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जातात. त्याची पद्धत सोपी आणि क्रमाची असते. टाकीत डिझेल किती, फिल्टर कधी बदलला, हँड पंप कडक लागतो की पोकळ, नळीला कुठे ओल आहे, हे तो आधी बघतो. यातली बरीच पद्धत आजही शास्त्राला धरून आहे, कारण कमी दाबाच्या भागातले दोष सर्वात जास्त घडतात आणि सर्वात स्वस्तात निघतात.

या अनुभवाचं एक चांगलं उदाहरण म्हणजे टाकीच्या झाकणाची तपासणी. गाडी पंचवीस-तीस किलोमीटर चांगली चालते, मग हळूहळू ताकद सोडते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते. जाणता मिस्त्री अशा वेळी काहीही न उघडता आधी टाकीचं झाकण सैल करतो. आत हवा खेचली जाण्याचा आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला: हवा आत घेणारं छिद्र काळ्या मातीच्या धुळीने बुजलंय, डिझेल कमी होताना टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. छिद्र साफ केलं की काम संपतं. हाच दोष ओळखता आला नाही, तर पंप उतरवण्यापर्यंत मजल जाते.

स्थानिक सवयींची जाण ही या वाटेची दुसरी ताकद. भाड्याच्या गाडीत पाचशे-हजाराचंच डिझेल टाकायची रीत आहे. टाकी कायम तळाला असली की तळाचा गाळ आणि वळणावर हवा, दोन्ही ओढलं जातं. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल कॅनने ओतताना गंज आणि सुताचे धागे आत जातात. हे प्रश्न गाडीवाल्याला विचारायला मिस्त्रीला कुठलं यंत्र लागत नाही.

या वाटेच्या मर्यादाही गंभीर आहेत. जुन्या इंजिनावर एकेका नोजलच्या पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर मिस होतोय हे शोधायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती जिवावर बेतू शकते. हजार-दीड हजार बारची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आतला भाग सडू शकतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. चालू इंजिनाचा हाय प्रेशर पाइप सैल करायचा नाही आणि गळती हाताने चाचपायची नाही, याबाबत कोणत्याही बाजूचं दुमत नाही. हीटर प्लग असलेल्या इंजिनात सुरू करायचा स्प्रे मारणं किंवा पेट्रोलचा बोळा धरणंही तितकंच धोक्याचं आहे.

४. दुसरी भूमिका: स्कॅनरची वाट

दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की कॉमन रेल गाडीत संगणक स्वतःच सगळं मोजत असतो, मग अंदाज कशाला? स्कॅनर लावा, कोड वाचा. मोठी वर्कशॉप आणि नव्या पिढीचे अनेक मेकॅनिक या मताचे आहेत आणि त्यांच्या बाजूनेही सबळ कारणं आहेत. वायर तुटणं, सेन्सर मरणं, इमोबिलायझरची अडचण हे दोष कान लावून कळत नाहीत. थांबून थांबून येणारा दोष संगणकाच्या स्मृतीत नोंदलेला सापडतो.

पण कोडचा अर्थ लावताना घाई होते, अशी या वाटेवरची मुख्य टीका आहे. इंधनाच्या तक्रारीत वारंवार दिसणारा कोड पी-००८७. त्याचा अर्थ रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी आहे, एवढाच. चोक झालेला फिल्टर, लाइनमधली हवा, कमजोर फीड पंप, अडकलेला मीटरिंग व्हॉल्व्ह, झिजलेला हाय प्रेशर पंप, जास्त रिटर्न देणारा इंजेक्टर, गळणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि खोटं सांगणारा सेन्सर, या आठही कारणांनी तोच कोड येतो. कोड वाचून थेट पंप बदलणं म्हणजे आठातल्या एकावर पैसे लावणं.

स्कॅनरचा खरा उपयोग कोडपेक्षा चालू आकड्यांत आहे, असं या बाजूचे जाणकारही सांगतात. संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून भरली गाडी चढावर नेली, की कुठल्या क्षणी दोन्ही आकडे फारकत घेतात ते दिसतं. इंजिन बराच वेळ बंद असताना चावी चालू करावी. रेलचा दाब शून्याजवळ दिसायला हवा आणि सेन्सरचा व्होल्टेज साधारण अर्धा व्होल्ट. तिथे मोठा आकडा दिसला, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासावी.

समृद्धी महामार्गाने या आकड्यांचं महत्त्व वाढवलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये महामार्ग मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला. गावच्या रस्त्यावर थांबत-थबकत चालणाऱ्या गाडीला अर्धा चोक झालेला फिल्टर पुरतो. तासन् तास सलग वेगात चालताना त्याच फिल्टरमधून लागेल तेवढं डिझेल येत नाही, दाब पडतो आणि इंजिन लिंप मोडमध्ये जातं, म्हणजे संगणक त्याची ताकद मुद्दाम कमी करतो. बाजारात चालवून दोष सापडत नाही, कारण तो लोडवरच दिसतो.

५. तिसरी भूमिका: मोजमापाची वाट

तिसरी भूमिका या दोन्हींच्या मधली आहे. तिचं म्हणणं: अंदाज घ्या, कोडही वाचा, पण सुटा भाग बदलण्याआधी डिझेल कुठपर्यंत आणि किती येतंय ते साध्या साधनांनी मोजा. यासाठी लागतं काय? पारदर्शक नळीचे तुकडे, व्हॅक्यूम आणि प्रेशरचे गेज आणि चार सारख्या बाटल्या.

फिल्टरच्या आधी आणि नंतर पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बुडबुडे टाकीकडून येत असतील तर दोष नळीत किंवा जोडात असतो, फिल्टरनंतरच दिसू लागले तर फिल्टरच्या रबरी रिंगमध्ये. ज्या गाडीत पंप डिझेल ओढतो, तिच्यात व्हॅक्यूम गेज जास्त ओढ दाखवत असेल तर अडथळा आहे. ओढ फार कमी आणि सोबत बुडबुडे असतील तर हवा शिरते आहे. इलेक्ट्रिक पंप असेल तिथे फिल्टरच्या तोंडाशी दाब मोजायचा आणि कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडायचा.

जास्त दाबाच्या बाजूची सर्वात उपयोगी चाचणी म्हणजे लीक-ऑफ. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या बारीक नळ्या काढून प्रत्येकीला एकेक बाटली लावतात आणि ठरावीक वेळ सेल्फ मारतात किंवा इंजिन चालू ठेवतात. तीन बाटल्यांत सारखंच थोडं डिझेल आणि चौथी भराभर भरत असेल, तर रेलचा दाब त्या चौथ्या इंजेक्टरमधून पळतो आहे. चारही सारख्या आणि मर्यादेत असतील आणि तरीही दाब बनत नसेल, तर संशय पंप, मीटरिंग व्हॉल्व्ह किंवा रिलीफ व्हॉल्व्हकडे सरकतो. गाडीमालक बाजूला उभा राहून हे स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतो, हा या चाचणीचा मोठा गुण. चारही इंजेक्टर बदलायला सांगितलं जात असताना एकाच बाटलीत जास्त डिझेल दिसलं, तर त्याला प्रश्न विचारता येतो.

या वाटेवरचे आक्षेपही रास्त आहेत. मोजायला वेळ लागतो आणि त्या वेळेची मजुरी गाडीवाला सहज देत नाही. ‘नुसतं बघायचे कसले पैसे, भाऊ?’ हे वाक्य मेकॅनिकला नेहमी ऐकावं लागतं. शिवाय आकडा हाती आला तरी कंपनीची मर्यादा माहीत नसेल, तर तो चांगला की वाईट हे सांगता येत नाही.

६. डिझेलच्या दर्जाचा वाद

निदानाच्या या चर्चेत एक प्रश्न गाडीच्या बाहेरचा आहे: डिझेल चांगलं होतं का? मराठवाड्यातल्या अनेक पंपांवर डिझेल येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकरचालकांनी काम थांबवलं तेव्हा पंपांपुढे लागलेल्या रांगांनी हे अवलंबित्व दाखवून दिलं. याच परिसराला भेसळीचा काळा इतिहासही आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी पानेवाडीजवळ इंधन भेसळीचा प्रकार पकडताना जिवंत जाळण्यात आलं. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळायचा धंदा किती खोल गेला होता, हे त्या हत्येने राज्याला दाखवलं. त्यानंतर रेशनच्या रॉकेलचा पुरवठाच खूप आटला.

दुसरा प्रश्न बायोडिझेलच्या नावाने आला. केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट आहे, आणि डिझेलचं भारतीय मानक सात टक्क्यांपर्यंत मिश्रणाला परवानगी देतं. प्रमाणित बायोडिझेल मर्यादेत असेल तर पंपाला वंगण मिळायला मदतच होते. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, आणि हाय प्रेशर पंपाला डिझेलशिवाय दुसरं वंगण नसतं. अडचण नकली मालाची आहे. बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक तेल विकणाऱ्या ठिकाणांमुळे राज्य सरकारला २०२१ मध्ये याविषयी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. खऱ्या बायोडिझेलचाही एक दोष आहे: ते ओलावा धरतं. टाकीच्या तळाशी पाणी साचलं की डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ होऊन फिल्टर बुजतो.

पंपवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. त्यांच्या मते गाडीत सापडणारं बरंचसं पाणी आणि गाळ गाडीच्या टाकीत किंवा शेतातल्या ड्रममध्ये तयार होतो आणि दोष पंपावर येतो. याचा निवाडा पुराव्यानेच होऊ शकतो. पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मोजलेली घनता १५ अंशांवर आणून टँकरसोबत आलेल्या नोंदीशी ताडतात आणि घनमीटरमागे तीन किलोंपर्यंतचा फरक चालतो. इथे एक गफलत होते. तापमान एक अंशाने वाढलं की डिझेलची घनता सुमारे ०.७ किलोने घटते. १५ अंशांना ८३० असलेलं डिझेल जालन्याच्या ४२ अंशांच्या दुपारी ८११ च्या आसपास दिसतं. तक्त्याने दुरुस्ती न करता आकडे वाचले, तर चांगल्या डिझेलवरही भेसळीचा आळ येतो. उलट हलकं आणि जड तेल मापात मिसळलं, तर भेसळीचं डिझेलही या चाचणीत पास होतं. म्हणून घनता हा पहिला गाळणा आहे, अंतिम पुरावा नाही.

७. दुरुस्ती, बदल आणि माहितीचा हक्क

दोष इंजेक्टरमध्ये निघाला की पुढचा वाद सुरू होतो: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? डिझेल लॅबवाल्यांचं म्हणणं, नोजल आणि व्हॉल्व्ह बदलून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट केलेला इंजेक्टर कमी खर्चात चालतो. कंपन्यांच्या तंत्रज्ञांचं म्हणणं, इतक्या सूक्ष्म फटींचं काम स्वच्छ खोली आणि मूळ सुट्या भागांशिवाय टिकत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अनेक कॉमन रेल इंजेक्टरांवर एक सांकेतिक क्रमांक असतो आणि इंजेक्टर बदलल्यावर तो संगणकात भरावा लागतो. तो न भरता गाडी दिली, तर नवाकोरा इंजेक्टर असूनही इंजिन खडखडतं आणि निदान पुन्हा शून्यावर येतं.

इथूनच माहितीचा प्रश्न पुढे येतो. कंपनीचे दाबाचे आकडे, वायरिंगचे नकाशे आणि पूर्ण क्षमतेचा स्कॅनर बाहेरच्या गॅरेजला मिळायला हवा की नको? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना या मुद्द्यावर एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याने स्पर्धा मारली जाते, असं आयोगाचं म्हणणं होतं. प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयांत गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. कंपन्यांची भूमिका अशी, की उत्सर्जन आणि सुरक्षेशी जोडलेल्या यंत्रणेत अर्धवट प्रशिक्षण घेतलेल्यांनी हात घातला तर धोका वाढतो. ही भीती निराधार नाही. पण परतूर किंवा मंठ्याहून भरलेली बंद गाडी टो करून छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा खर्च किती येतो, हेही तितकंच खरं आहे.

८. काय अजून सुटलेलं नाही

या आढाव्यातून चार प्रश्न उघडे राहतात.

पहिला, दर्जाच्या तक्रारींचा. गाडी बिघडल्यावर टाकीतलं डिझेल पंपावरचंच होतं हे सिद्ध करण्याची सोपी, वेळेत होणारी आणि छोट्या मालकाला परवडणारी व्यवस्था नाही. त्यामुळे खरी भेसळ आणि खोटा आळ दोन्ही तसेच राहतात.

दुसरा, तपासाच्या मजुरीचा. मोजमापाला वेगळा मोबदला मिळाल्याशिवाय मेकॅनिक मोजणार नाही, आणि मोजल्याशिवाय ग्राहकाचा भरवसा बसणार नाही.

तिसरा, प्रशिक्षणाचा. आयटीआयमधला ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाया घालतो. पण तिथून बाहेर पडलेल्या मुलाला बीएस-६ गाडीवर काम करण्याइतका सराव कुठे आणि कसा मिळावा, याची नीट घडी बसलेली नाही. अनेक वर्षं गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीसाठी तर पुढच्या शिक्षणाची सोय आणखी विरळ आहे.

चौथा, तांत्रिक माहितीचा. दुरुस्तीचा हक्क तत्त्वाने मान्य होत चालला आहे, पण मराठीतून, गॅरेजच्या बाकावर वाचता येईल अशा स्वरूपात ही माहिती क्वचितच मिळते.

९. समारोप

तिन्ही वाटांकडे एकत्र पाहिलं, तर त्यांच्यातला विरोध वाटतो तितका मोठा नाही. अनुभव सांगतो कुठे बघायचं, स्कॅनर सांगतो कधी बिघडतं आणि मोजमाप सांगतं दोष नक्की कशात आहे. वाद उरतो तो क्रमाचा. त्याबाबत मिळणारा पुरावा एकाच दिशेने जातो: स्वस्तापासून महागाकडे आणि टाकीपासून इंजेक्टरकडे. बॅटरी आणि एअर फिल्टर, टाकीचं झाकण आणि जाळी, फिल्टरच्या तळाचं पाणी, लाइनमधली हवा, कमी दाबाचं मोजमाप, रेलचे चालू आकडे, लीक-ऑफ आणि सर्वात शेवटी पंप किंवा इंजेक्टर उतरवणं. हा क्रम पाळला तर बरेचसे दोष पहिल्या चार पायऱ्यांतच सापडतील आणि पुढे जावं लागलंच, तर का जावं लागलं हे मालकाला दाखवता येईल.

म्हणून गाडीमालकांना एवढंच सांगणं आहे. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका आणि फिल्टरचं पाणी वेळच्या वेळी काढा. डिझेलचा संशय आला तर बंद पडलेल्या दिवशीच स्वच्छ बाटलीत नमुना आणि पंपाची पावती जपून ठेवा. इंजेक्टर बदलायला होकार देण्याआधी लीक-ऑफच्या बाटल्या समोर भरून बघा आणि त्या तपासाची मजुरी न कुरकुरता द्या. जुना सुटा भाग आणि मोजलेले आकडे बिलासोबत मागून घ्या. मिस्त्रींना विनंती अशी, की हे आकडे वहीत गाडीनिहाय लिहून ठेवा. जिल्ह्यातल्या गाड्यांना डिझेलने नेमका कुठे आणि कशामुळे त्रास होतो, याची खात्रीची माहिती अशा वह्यांतूनच तयार होईल.